सर्व्हरचं जळालेलं लॅन कार्ड बदलताना

नागपुरात पावसाळ्यात विजा कडाडल्या की एखाद्या ऑफिसातला लॅन पोर्ट जातोच. नवं कार्ड बर्डीवर मिळतं, बसवायलाही फार वेळ लागत नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण लिनक्स कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) लेखी हा जुना इंटरफेस (नेटवर्कची जोड) दुरुस्त झालेला नसतो, तो पूर्ण नवा असतो.

आधी कार्डच गेलंय ना, ते बघा. ‘आयपी लिंक शो’ चालवा. ओळीत ‘यूपी’ दिसलं म्हणजे आपण इंटरफेस चालू केलाय, एवढंच. समोरच्या स्विचशी जोड लागली की ‘लोअर_यूपी’ येतं. ‘नो-कॅरिअर’ दिसत असेल तर केबल आणि स्विचचा पोर्ट बदलून बघा. तरी फरक पडला नाही तर कार्ड काढा, पण त्याआधी त्याचा मॅक पत्ता (कार्डाचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) ‘ईथटूल -पी’ने (पी मोठा) लिहून घ्या. कार्ड दिसतच नसेल तर तो राउटरच्या डीएचसीपी (मशिन्सना आयपी वाटणारी सोय) यादीत शोधा.

नवं कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलं की नाव बदलतं. ‘ईएनपी३एस०’ म्हणजे पीसीआय (मदरबोर्डवरची कार्डांची जोडणी) बस ३, स्लॉट ०. जुन्या नावावर लिहिलेले फायरवॉलचे नियम मग एरर न देता निकामी होतात, आणि हे लवकर लक्षात येत नाही. म्हणून नाव आपणच पक्कं करा. सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) नेटवर्क फोल्डरमध्ये ‘डॉट लिंक’ फाइल बनवा. ‘मॅच’खाली नव्या कार्डाचा कायम मॅक, ‘लिंक’खाली ‘लॅन०’ असं नाव. ‘ईटीएच०’ देऊ नका, ते कर्नल स्वतः वापरतो. नाव १५ अक्षरांच्या आत हवं. डेबियन-उबंटूवर इनिट्रामएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टम) पुन्हा बनवून मगच रीबूट करा.

डीएचसीपीत आयपी मॅकवर राखून ठेवला असेल तर तिथेही नवा मॅक टाका.

आता शेजारच्या मशिन्स. त्यांच्या एआरपी नोंदीत (कोणता आयपी कोणत्या मॅकचा, याची यादी) त्या आयपीसमोर जुनाच मॅक असतो. लिनक्सवर नोंद १५ ते ४५ सेकंदांत ‘स्टेल’ (शिळी) होते. मग पुढचं पॅकेट गेल्यावर ५ सेकंद थांबून कर्नल जुन्या मॅकला ३ वेळा विचारतो, उत्तर आलं नाही की नव्याने शोधतो. राउटर इतका तत्पर नसतो: सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये नोंदीची मुदत मुळातच ४ तासांची आहे. म्हणून ऑफिसातून सर्व्हर दिसतो, बाहेरून दिसत नाही, असं होऊ शकतं. सर्व्हरवरून ‘आर्पिंग -यू -सी ३ -आय लॅन०’ आणि पुढे सर्व्हरचाच आयपी (यू आणि आय मोठे) देऊन नव्या मॅकची घोषणा करा.

एखादं लायसन्स जुन्या मॅकशी बांधलेलं असेल तरच तो मॅक नव्या कार्डाला द्या. इंटरफेस ‘डाउन’ करून ‘आयपी लिंक सेट’ने बदला, चालू असताना बरेच ड्रायव्हर ‘डिव्हाइस बिझी’ म्हणतात. स्वतःच्या मनाने पत्ता बनवायचा तर पहिला बाइट ०२ ठेवा. पहिला बाइट विषम असला तर तो मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीचा पत्ता) ठरतो आणि कर्नल नाकारतो.

मॅक असा उचलला असेल तर जुनं कार्ड दुरुस्त करून त्याच लॅनवर दुसऱ्या पीसीत लावू नका. एकच मॅक दोन पोर्टांवर दिसला की स्विच शेवटची फ्रेम जिथून आली तिकडेच सगळं पाठवतो, आणि दोन्ही मशिन्सचं पिंग आळीपाळीने तुटतं.