जुन्या गाडीच्या इंजिनातला आवाज नेमका कुठून येतो?

आधी ऑइल बघा. गाडी सपाट जागी लावून इंजिन बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढा. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर ऑइल भरल्याशिवाय पुढचं काही तपासू नका. ठोक्यांबरोबर ऑइलचा दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करा, गाडी टो करूनच न्या.

चीं-चीं होत असेल तर चालू इंजिनच्या बेल्टवर बाटलीने लांबून थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर थांबला तर दोष बेल्टचा. घरघर असेल तर थंड इंजिनचा बेल्ट काढून जेमतेम 30 सेकंद चालवा (बहुतेक जुन्या गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो). घरघर गेली? मग इंजिन बंद करून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि पंपाची पुली (बेल्ट फिरतो ते चाक) हाताने फिरवून, हलवून बघा. खरखर किंवा ढिलेपणा लागेल तिथला बेअरिंग गेलाय.

टिक-टिक फसवी असते. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरते, म्हणून टॅपेटचा (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हमधल्या भागाचा) आवाज इंजिनच्या निम्म्या गतीने, वरच्या कव्हरपाशी येतो. पण गार इंजिनवर टिकटिक आणि गरम झाल्यावर शांत, असं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडावर काजळी शोधा. तिथलं गॅस्केट (जोडातलं सील) फुटलं असताना उगाच टॅपेट सेटिंग करून घेतलं जातं.

जाड ‘ठक-ठक’ खालून, ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढणारी, म्हणजे बहुधा बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथला) गेलाय. त्यावर गाडी चालवत राहिलात तर क्रँकही जातो.

फॅनपासून सैल बाह्या, ओढणी दूर ठेवा. इलेक्ट्रिक फॅन अचानक सुरू होतो.