समुद्री शेवाळ पिवळं पडतंय? आधी त्याला खायला द्या

रावेर तालुक्यात आमची केळी आहे आणि घरात पुढच्या खोलीत 100 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी. तिला आता चार वर्षं होतील. क्लाउनफिशची एक जोडी, पाच-सहा गोगलगायी आणि बाकी सगळं शेवाळच: घासणीच्या तारेसारखं गुंतलेलं हिरवं कीटोमॉर्फा आणि तांबडं ग्रॅसिलारिया. समुद्राशी आमचा संबंध एवढाच की आमची तापी सुरतेजवळ जाऊन त्याला मिळते. शेवाळ मुंबईहून मागवावं लागतं, त्यामुळे एक गुच्छ गेला तरी फार जिवाला लागतं. माझे सुरुवातीचे दोन गुच्छ महिन्याभरात गेले.

तुमचं शेवाळ बिघडतंय असं वाटलं की आधी हात धुऊन टाकीत घाला आणि थोडं शेवाळ बोटांत चुरगाळून बघा. चांगलं कीटोमॉर्फा ताठ लागतं, दाबून सोडलं की पुन्हा फुलतं. उपाशी असेल तर फिकट पोपटी दिसतं, मऊ पडतं आणि ओढलं की तुटतं. वरून हिरवं पण गाभ्यात तपकिरी आणि वास मारणारं असेल, तर दोष उजेडाचा आणि प्रवाहाचा आहे. गुच्छ इतका दाट झालाय की आत काहीच पोचत नाही. तेवढा सडका भाग काढा, उरलेला सैल करा आणि दर आठवड्याला उलटापालटा करा.

माझ्याकडे पहिलं लक्षण होतं. मी दिवा वाढवला, दहा तासांचे चौदा केले. चार दिवसांत ते आणखी पांढरट झालं. टेस्ट किटने पाणी तपासलं तर नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. पाणी इतकं स्वच्छ राखल्याचा मला तोवर अभिमान होता. पण खत नसलेल्या पिकावर ऊन वाढवलं तर ते जोमाने वाढत नाही, करपतं. हे केळीत मला कुणी सांगावं लागलं नसतं. मासे थोडे, खाणं बेताचं, त्यात प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) रात्रंदिवस चालू. मग शेवाळाच्या वाट्याला उरणार काय?

उपाय आमच्या शेडमध्येच होता. ड्रिपमधून केळीला सोडतो ते 13:00:45, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ते 10 ग्रॅम एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. त्यातलं 50 मिली 100 लिटर पाण्याला दिलं की नायट्रेट साधारण 3 पीपीएमने (म्हणजे लिटरमागे 3 मिलिग्रॅमने) वाढतं. फॉस्फेटसाठी 00:52:34, म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. ते फारच जोरकस, म्हणून एक लिटरला फक्त 1 ग्रॅम. त्याचे 10 मिली म्हणजे 100 लिटरमध्ये जवळपास 0.07 पीपीएम. मी नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 च्या आसपास ठेवते. दोन्ही लागतात, एक संपलं की दुसरं नुसतं साचत राहतं. डोस दिला की दोन दिवसांनी तपासा, मगच पुढचा द्या. दगड-वाळूने किती जागा खाल्ली तेही धरा. माझ्या 100 लिटरच्या टाकीत पाणी प्रत्यक्षात 85 लिटरच आहे.

एक कळकळीची विनंती. शेडमधली दुसरी पिशवी उचलू नका. 19:19:19 मध्ये युरिया आणि अमोनिया असतो, 12:61:00 मध्येही अमोनिया. खाऱ्या पाण्याचा पीएच 8 च्या वर असल्याने तो माशांना जास्तच बाधतो. मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांत तांबं असतं, आणि तांब्याने गोगलगायी-कोळंबी मरतात. लोह शेवाळाला लागतं, पण दर पंधरवड्याला 10 लिटर पाणी बदलते तेवढ्यावर माझं भागलंय.

आता उन्हाळा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि टाकीचं पाणी 33 वर. 30 च्या वर ग्रॅसिलारियाची टोकं पांढरी पडायला लागतात. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, महाग आहे. खान्देशातली हवा कोरडी असते, तिचा फायदा घ्या: टाकीचं झाकण काढा आणि छोटा पंखा थेट पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. माझ्याकडे तेवढ्याने पाणी 28-29 वर येतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की हाच पंखा निम्मंही काम करत नाही, पण तेव्हा तेवढी गरजही नसते.

पंख्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. मे महिन्यात रोज तीन-साडेतीन लिटर उडतं. पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओच्या पाण्याची. बोअरचं पाणी चालत नाही. आमच्या बोअरचा टीडीएस 800 च्या घरात आहे. एकदा मी माहेरी असताना सासऱ्यांनी मायेने टाकी रोज भरली, पण पाणीबदलासाठी कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या कॅनमधून. मी परत आले तेव्हा क्षारता (लिटरमागे मीठ, ग्रॅममध्ये) 35 वरून 41 वर गेली होती आणि ग्रॅसिलारिया चिकट झालं होतं. खाली आणायला मी पाच दिवस घेतले. एकदम उतरवली असती तर उरलेलंही गेलं असतं. आता खाऱ्या कॅनला लाल चिंधी बांधलेली असते.

कॉलर्पा या वेलीसारख्या शेवाळाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नवख्या माणसाने घेऊ नये. दिसायला सुंदर, आडव्या दोरीवर उभी पानं, पण अख्खी वेल म्हणजे एकच पेशी. तिच्यावर ताण आला की ती आतलं सगळं बीज पाण्यात सोडून देते. माझ्याकडे संध्याकाळी हिरवीगार होती. सकाळी काचेसारखी पारदर्शक, पाणी हिरवट दुधाळ आणि मासे वर येऊन धापा टाकत होते. असं झालं तर एअरपंप लावा, वेल काढा, निम्मं पाणी बदला. या क्रमानेच.

केसाळ शेवाळ चिकटलं तर धुण्यात वेळ घालवू नका, तेवढा भाग तोडून टाका. बाकी गोगलगायी बघून घेतात.

नवा गुच्छ आला की एकदम टाकीत टाकू नये. त्याला सोबत आलेल्या पाण्यासकट बादलीत ठेवा, ड्रिपची मायक्रोट्यूब टाकीतून बादलीत सोडा आणि ट्यूबला गाठ मारून थेंब थेंब पाणी पडू द्या. तासाभरात बादलीतलं पाणी दुप्पट झालं की गुच्छ टाकीत जाऊ द्या. बादलीतलं पाणी फेकून द्या.

वाढ सुरू झाली की दर पंधरवड्याला एक तृतीयांश काढा. काढलेलं केळीच्या बुंध्याशी टाकू नका, केळीला मीठ सोसत नाही. त्यातला मूठभर मी वेगळ्या बादलीत, एअरपंप आणि 6500 केल्विनच्या साध्या एलईडी बल्बखाली ठेवते. गेल्या मे महिन्यात टाकीतला गुच्छ गेला तेव्हा मुंबईला फोन करावा लागला नाही.