तेलविहिरीचं पाणी पुन्हा वापरताय? मग या चुका टाळा

तेलाच्या विहिरीतून तेलापेक्षा पाणीच जास्त निघतं, हे या फील्डबाहेरच्या माणसाला पटकन पटत नाही. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या पर्मियन बेसिनमधे एका बॅरल (सुमारे १५९ लिटर) तेलामागे तीन-चार बॅरल पाणी सहज येतं, ओमानच्या जुन्या फील्डांमधे तर त्याहून जास्त. आणि नेमके हेच भाग कोरडे ठणठणीत, त्यामुळे हे पाणी साफ करून शेतीला का देत नाही असं कुणालाही वाटणारच. मलाही मनापासून वाटतं की द्यायला हवं, जिथे जमतंय तिथे तर नक्कीच. पण प्रोजेक्ट फसतात ते बहुतेक वेळा मशीनमुळे नाही, कुठलं पाणी आहे आणि ते कुठे जाणार आहे हे आधी न ठरवल्यामुळे फसतात.

सगळं पाणी एकाच मापाने मोजणं

कॅलिफोर्नियात केर्न काउंटीत तेल फील्डचं पाणी १९९० च्या दशकापासून शेतीला जातंय, बदाम, पिस्ता, संत्री, द्राक्षं सगळ्याला. तेल वेगळं करायचं, अक्रोडाच्या टरफलांच्या फिल्टरमधून काढायचं, दुसऱ्या पाण्यात मिसळायचं आणि कालव्यात सोडायचं. हे जमतं कारण तिथलं पाणी मुळातच कमी खारं आहे. आता हेच उदाहरण घेऊन कोणी पर्मियनला गेला तर काय होईल? तिथल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कितीतरी ठिकाणी लिटरला १ लाख मिलिग्रॅमच्या वर, आणि समुद्राचं पाणी असतं ३५ हजार. समुद्राच्या पाण्याचा साधा आरओ (प्रेशरने पाणी बारीक पडद्यातून ढकलून मीठ मागे ठेवायची पद्धत) ७०-८० बार प्रेशरपर्यंत चालतो आणि १ लाखाच्या पाण्याचं नुसतं ऑस्मॉटिक प्रेशरच, म्हणजे मिठामुळे उलट बाजूने येणारा दाब, तिथपर्यंत पोचतं, म्हणजे पंप कितीही मोठा लावा, हातात काही येत नाही. तिथे वाफ करूनच पाणी काढावं लागतं आणि विजेचं बिल त्या हिशोबाने येतं. म्हणून केर्नच्या खर्चाचे आकडे पर्मियनच्या प्रेझेंटेशनमधे घालू नका.

सॅम्पल भरून बाटली गाडीत टाकणं

ही चूक दिसायला छोटी पण पुढचं सगळं डिझाइन बिघडवते. विहिरीतून आलेलं पाणी बऱ्याचदा स्वच्छ दिसतं, पण त्यात विरघळलेलं लोह असतं, हवा लागली की थोड्या वेळात बाटली तांबूस होते आणि तळाशी गाळ बसतो. लॅबमधे पोचेपर्यंत पीएच बदललेला, हायड्रोजन सल्फाइड उडून गेलेला, आणि तुमच्या हातात येतो तो वेगळ्याच पाण्याचा रिपोर्ट. म्हणून पीएच, तापमान, सल्फाइड आणि ऑक्सिजन जागेवरच मोजा. धातूंची बाटली वेगळी घ्या आणि त्यात ॲसिड घाला, बेंझीनसारख्या उडून जाणाऱ्या गोष्टींची बाटली काठोकाठ भरा, वर हवेचा बुडबुडासुद्धा नको.

प्रीट्रीटमेंटमधे काटकसर

मेम्ब्रेनसाठी (आरओच्या पडद्यांसाठी) पैसे असतात आणि त्याआधीच्या तेल-गाळ काढायच्या टाक्यांना कात्री लागते, हे फार ठिकाणी होतं. मग तक्रार येते की मेम्ब्रेन खराब निघाल्या. आधी कुठे बिघडतंय ते बघा. पहिल्या स्टेजचा प्रेशर डिफरन्स (आत जाताना आणि बाहेर येताना असलेल्या दाबातला फरक) वाढतोय तर तेल, गाळ किंवा बॅक्टेरिया साचलेत, प्रीट्रीटमेंट तपासा. शेवटच्या स्टेजला वाढतोय आणि पाणीही कमी येतंय तर स्केल (क्षारांचा कडक थर) बसतोय, तो रोखणाऱ्या अँटिस्केलंट औषधाचा डोस आणि रिकव्हरी (आलेल्यापैकी किती पाणी साफ करून काढता ते) दोन्ही बघा, त्यात बेरियम सल्फेट असेल तर तो साध्या ॲसिडने धुऊन जात नाही. आणि पाणी अचानक जास्त यायला लागलं, सोबत मीठही वाढलं, तर बॅक्टेरियासाठी घातलेल्या क्लोरीनने पॉलिअमाइडची (एका प्लास्टिकची) मेम्ब्रेन खाल्ली असणार नाहीतर जोडातली रबरी ओ-रिंग गेली असणार. क्लोरीन वापरत असाल तर आरओच्या आधी बायसल्फाइट हे केमिकल घालून तो मारायलाच लागतो.

वाफेचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी असं धरून चालणं

पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार मोजणारा कंडक्टिव्हिटी मीटर छान आकडा दाखवतो आणि सगळे खूश. पण अमोनिया आणि बेंझीन वाफेबरोबरच वर येतात, मीटरला बेंझीन तर दिसतच नाही. अमोनियासाठी वाफ करायच्या आधी पीएच खाली ठेवा म्हणजे तो मिठाच्या रूपात मागे राहतो, बाकीच्यासाठी स्ट्रिपिंग (हवा किंवा वाफ सोडून उडणाऱ्या गोष्टी काढणं), ॲक्टिव्हेटेड कार्बन किंवा बायोलॉजिकल स्टेज लावा. पाणी नदीत सोडायचं असेल तर जिवंत जीवांवरची टॉक्सिसिटी टेस्ट टाळू नका, केमिकलच्या यादीत जे नसतं ते तिथे पकडलं जातं.

पिकाचं आणि मातीचं न ऐकणं

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण नुकसान शेतकऱ्याचं होतं आणि ते पटकन भरून निघत नाही. बोरॉन घ्या. साध्या पीएचला आरओ बोरॉन नीट अडवत नाही, आणि संत्र्या-लिंबाला लिटरला १ मिलिग्रॅमच्या आतच त्रास सुरू होतो. जुन्या पानांची टोकं आणि कडा पिवळ्या पडून करपतात, शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडतंय, तो अजून तेच पाणी देतो आणि अजून बोरॉन जातं. उपाय म्हणजे पाणी आरओतून दुसऱ्यांदा काढताना पीएच १० च्या आसपास न्या, नाहीतर बोरॉनसाठीचं खास रेझिन लावा, किंवा सरळ कापसासारखं सहन करणारं पीक घ्या.

दुसरं सोडियम. अमेरिकेत वायोमिंगच्या पावडर रिव्हर बेसिनमधे कोळशाच्या थरातला गॅस काढताना निघणारं पाणी फारसं खारं नव्हतं, पण त्यात सोडियम बायकार्बोनेट भरपूर आणि कॅल्शियम कमी. असं पाणी चिकणमातीवर पडलं की मातीचे कण सुटतात, वरचा थर घट्ट होतो आणि पाणी मुरतच नाही. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला चोपण (सोडियमने घट्ट झालेली) जमीन काय चीज असते ते वेगळं सांगायला नको, तसंच हे. जिप्सम टाकावं लागतं, तेही माती परीक्षण करून. म्हणून टीडीएससोबत एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती ते) मागितल्याशिवाय पाणी शेतात घेऊ नका. आणि आरओ करून एकदम कोरं झालेलं पाणीही तसंच सोडू नका, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम परत घालायला लागतं.

नको तिथे पिण्याच्या दर्जाचा हट्ट

फ्रॅकिंगलाच (जोराच्या पाण्याने खडक फोडून तेल काढायला) परत वापरायचं असेल तर मीठ काढायची गरजच नसते, तेल, गाळ, लोह आणि बॅक्टेरिया काढले की पुष्कळ, आणि तेवढं गोडं पाणी वाचतं. न्यू मेक्सिकोच्या २०१९ च्या कायद्याचा रोखही आधी फील्डमधेच वापरा असाच आहे. आपल्या राजस्थानातल्या बाडमेरच्या मंगला तेल फील्डमधेही हे पाणी परत रिझर्व्हॉयरमधेच (जमिनीखालच्या तेलाच्या थरात) सोडतात. ओमानमधे निम्रला तर वेगळाच मार्ग काढलाय. तेल वेगळं केलेलं निमखारं पाणी उताराने बोरूच्या वाफ्यांमधून सोडतात, उरलेलं तेल मुळांजवळचे बॅक्टेरिया खातात आणि शेवटी पाणी बाष्पीभवनाच्या तळ्यांत जातं. पूर्वी तेच पाणी खोल विहिरीत ढकलायला केवढी वीज लागायची! मला हा प्रोजेक्ट फार आवडतो, जागेचा आणि पाण्याचा स्वभाव ओळखून केलेलं काम आहे ते.

मीठ कुठे जाणार हे नंतर बघू म्हणणं

१ लाख टीडीएसच्या एका बॅरलमधे जवळपास १६ किलो मीठ असतं. दिवसाला १० हजार बॅरल म्हणजे १६० टन मीठ, रोज. अर्धं पाणी काढलंत तर उरलेलं दुप्पट खारं होतं आणि ते कुठेतरी जायलाच हवं. नेहमीची वाट म्हणजे डिस्पोजल विहीर (नको असलेलं पाणी खोल जमिनीत ढकलायची), पण अमेरिकेतल्या ओक्लाहोमात अशा खोल इंजेक्शनमुळे भूकंप वाढले, २०१६ मधे पॉनीला ५.८ चा बसला. शिवाय पाण्यातलं रेडियम (किरणोत्सारी धातू) बेरियमच्या स्केलमधे आणि गाळात जमतं, म्हणून टाकी साफ करायच्या आधी रेडिएशन मोजा आणि तो गाळ कुठे टाकायचा याची परवानगी प्लांट उभा राहायच्या आत हातात ठेवा.

आणि एकदा टेस्ट केली म्हणजे झालं असंही नाही. नव्या विहिरीचं पहिल्या आठवड्यातलं पाणी आणि सहा महिन्यांनंतरचं पाणी यांत बराच फरक असतो, त्यामुळे लाइनला नवी विहीर जोडली की सगळ्या टेस्ट परत करा, आणि रिपोर्ट येईपर्यंत ते पाणी शेताकडे जाणाऱ्या टाकीत घेऊ नका.