फँटसी पिक्चर बघायला जाताय? आधी सीट बघा, मग तिकीट काढा

ड्रॅगन, तरंगते डोंगर, हजारोंचं सैन्य असला पिक्चर घरी मोबाईलवर नंतर बघू म्हणून सोडू नका राव, तो मोठ्या पडद्यासाठीच बनवलेला असतो. पण मोठा पडदा असून पण अर्धी मजा जाते ती सीटमुळे. एकदम मागची रांग आरामशीर वाटते पण तिथून पडदा छोटा दिसतो, एकदम पुढे बसलं की मान दुखते. पडद्यापासून हॉलच्या साधारण दोन तृतीयांश अंतरावर आणि बरोबर मधोमध बसा, आवाज पण तिथेच सगळ्यात बॅलन्स्ड येतो. थ्रीडी असेल तर कडेची सीट नकोच.

आता थ्रीडी की टूडी, यात माझं मत पक्कं आहे. थ्रीडीचा चष्मा उजेड खातो. टूडीला पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड हे स्टँडर्ड आहे, थ्रीडीत चष्म्यातून बऱ्याचदा त्याच्या निम्म्याहूनही कमी पोचतो, म्हणून गुहेतले नाहीतर रात्रीच्या लढाईचे सीन नुसते काळे काळे दिसतात. 2009 च्या 'अवतार'सारखा थ्रीडी कॅमेऱ्यांवर शूट झालेला पिक्चर असेल तर थ्रीडी जरूर बघा, पण टूडीत शूट करून नंतर कन्व्हर्ट केलेला असेल तर मी तरी टूडीच घेईन.

आयमॅक्सच्या भल्यामोठ्या पडद्याचे जास्तीचे पैसे कधी द्यायचे? पिक्चरमध्ये 1.90 रेशोचे (म्हणजे रुंदी उंचीच्या 1.90 पट) सीन असतील तेव्हा, कारण जास्त आडव्या 2.39 च्या फ्रेमपेक्षा वरखाली मिळून 26 टक्क्यांपर्यंत जास्त चित्र दिसतं. डॉल्बी ॲटमॉस या साऊंड सिस्टीममध्ये छतावर पण स्पीकर असतात, डोक्यावरून पंख फडफडत गेले की अंगावर काटा येतो!

ट्रेलर एकच बघा, तोही पहिला. शेवटी शेवटी येणारे ट्रेलर क्लायमॅक्सचे शॉट पण दाखवून टाकतात.

आणि बघताना नजर नुसती हिरोवर ठेवू नका. ड्रॅगन उतरतो तेव्हा फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात बघा, पळणारी बारकी माणसं, उडणारी राख, हलणारं गवत, त्याच्यामुळेच तर तो एवढा अवाढव्य वाटतो. हे सगळं पहिल्यांदा बघताना निसटतंच, त्यामुळे आवडला तर आठवडाभरात परत जा, मोठ्या स्क्रीनवरून पिक्चर लवकर उतरतात.