सीओपीडीचा रुग्ण घरी आल्यावर आधी पंप बघा

सासूबाईंनी चाळीस वर्षं चुलीपुढे काढली. बिडीला कधी हात लावला नाही, तरी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार, झाला. गेल्या डिसेंबरात दवाखान्यातून त्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आल्या आणि बाराव्या दिवशी पुन्हा भरती कराव्या लागल्या. औषधं वेळेवर चालू होती, पण पंप (इनहेलर) घेण्याची पद्धत चुकत होती. आई आधी दाबायच्या, मग श्वास ओढायच्या. औषध जिभेवरच राहायचं.

म्हणून सुट्टी मिळण्याआधी रुग्णाला नर्ससमोर पंप घेऊन दाखवायला सांगा. 'येतो ना?' असं विचारलं तर सगळेच 'हो' म्हणतात. दाबायचा पंप असेल तर तो हलवा, श्वास पूर्ण सोडा, संथ ओढायला लागताच दाबा, दहा अंक मोजेपर्यंत रोखा. दुसरा पफ मिनिटभराने. हात आणि श्वासाचा मेळ बसत नसेल तर डॉक्टरांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, मागा. आईंना त्यानेच जमलं. पावडरीच्या पंपाची रीत वेगळी, तीही करूनच शिका. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर गुळणी करून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

घरी ऑक्सिजन लावला असेल तर लिटर डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ८९ टक्के बघून आमच्या पाहुण्यांनी मशीनचं बटण फिरवायला घेतलं होतं. आईंना ८८ ते ९२ एवढंच हवं होतं. या आजारात ऑक्सिजन जास्त झाला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. ऑक्सिजनजवळ आग भडकते, म्हणून समई, उदबत्ती दुसऱ्या खोलीत न्या. ग्वाल्हेरच्या थंडीत अंगीठी आत आणावीशी वाटते, कृपा करून आणू नका. नाक कोरडं पडलं तरी व्हॅसलीन नको, तेही पेट घेऊ शकतं. वीज गेली तर म्हणून भरलेला सिलिंडर जवळ ठेवा.

फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचं विचारून घ्या. कफ हिरवा-पिवळा झाला, पाय सुजले, दम नेहमीपेक्षा वाढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ओठ निळे पडले, बोलणं असंबद्ध झालं किंवा माणूस नीट जागा होईना, तर थेट १०८.

आणि चालवा. दम लागतो म्हणून माणूस पलंगावरच बसला की पायांतलं बळ जातं. आईंना ओठ आवळून श्वास सोडायला शिकवताना मी म्हटलं, ''फुंकणी धरल्यासारखे ओठ करा, पण हळू सोडा.'' लगेच जमलं. आता त्या तशाच फुंकत स्वयंपाकघरापासून बाहेरच्या ओट्यापर्यंत दोन फेऱ्या मारतात.