शाखेत विशेष अभ्यासगट कसा सुरू करावा
१९७२ मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्ससारख्या संस्थेच्या स्थानिक शाखेत अभ्यासगट सुरू करायचा असेल, तर विषय अगदी नेमका निवडावा. ‘रुग्णालये’ एवढ्याने भागत नाही, ‘रुग्णालयातील सुगम्य स्वच्छतागृहे’ असे ठरवावे. त्या कामाचा अनुभव असलेले सहा-सात सभासद जमले की कार्यकारिणीकडे लेखी प्रस्ताव द्यावा. पहिली बैठक, माझ्या मते, सभागृहात न घेता प्रत्यक्ष जागेवरच घ्यावी: व्हीलचेअर आत नेऊन ती पूर्ण वळवण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा खरोखर उरते का, आत उघडणारे दार तिला अडते का, हे टेपने मोजावे. व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला सोबत बोलवावेच, कारण ग्रॅब बार (आधारासाठी भिंतीला बसवलेला दांडा) हाताशी येतो की नाही, हे आराखड्यावरून कळत नाही. मोजमापे त्याच दिवशी नोंदवून सर्व सभासदांना पाठवावीत.