सिरियस लेकरू रेफर करायचंय? आधी टीम तयार करा (खेड्यातल्या दवाखान्यासाठी)

धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात मेळघाटचा घाट. भामरागडहून गडचिरोली त्याहून लांब, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की रस्ताच बंद. म्हणजे आपल्या इकडे सिरियस लेकरू पाठवायचं म्हटलं की तीन-चार तास गाडीत जाणार हे धरूनच चालायचं, आणि तेवढा वेळ गाडीत जो डॉक्टर आणि जी सिस्टर बसली आहे तेच त्या लेकराचं आयसीयू. आता ट्रेनिंग बघा. एनएसएसके (नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम) होतं, एफबीएनसी (दवाखान्यातली नवजात बाळाची देखभाल) होतं, वॉर्मरवरचं बाळ कसं सांभाळायचं ते शिकवतात आणि चांगलं शिकवतात, पण दोन्ही हात अँबूवर (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीवर) असताना घाटाच्या वळणावर स्वतः कसं बसायचं, मॉनिटर उड्या मारतोय तेव्हा कशावर विश्वास ठेवायचा, हे कोणी करून घेत नाही. ते आपल्याच कंपाउंडात, आपल्याच गाडीत करून घेता येतं, फार खर्च लागत नाही. कसं करायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी टीम कोण ते ठरवा. मेडिकल ऑफिसर, १०८ वरचे डॉक्टर, लेबर रूमच्या आणि एनबीएसयूच्या (नवजात बाळाला स्थिर करायच्या खोलीच्या) सिस्टर, आणि पायलट, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. पायलटला वगळून ट्रेनिंग करू नका, हे मी हात जोडून सांगतो. ब्रेक कसा दाबायचा, कुठं गाडी उभी करता येते, कुठल्या गावापुढं नेटवर्क जातं, हे त्या भाऊला माहीत असतं, डॉक्टरला नसतं. महिन्यातून एकदा दोन तास काढा, बाजाराचा आणि लसीकरणाचा दिवस सोडून. वर्षातून एकदा जिल्ह्याच्या हॉलमध्ये दिवसभर पीपीटी बघण्यापेक्षा हे दोन तास जास्त कामाचे, कारण हाताची सवय हात चालवूनच लागते आणि दोन-तीन महिने केलं नाही तर जातेही.

मॅनिकिन (सरावाचा पुतळा) नसेल तर अडून बसू नका. मोठी बाहुली घ्या, तिच्या पोटाला तांदळाची पिशवी बांधून वजन दोन किलोवर आणा. अँबूची प्रॅक्टिस वेगळी, त्याला छाती फुगणारं मॅनिकिन लागतंच, ते जिल्ह्याकडून एका दिवसासाठी मागून आणा. बाकी सगळं म्हणजे गुंडाळणं, बांधणं, सॅच्युरेशनचा प्रोब लावणं, ड्रिप टांगणं, गाडीत चढवणं-उतरवणं, बाहुलीवर मस्त होतं.

इंग्लंडात एएलएसजी नावाच्या संस्थेचा पॅनस्टार कोर्स आहे, खास लेकरं आणि नवजात बाळं एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात नेण्याचा. त्यांच्या पद्धतीत सहा पायऱ्या: लेकरू तपासा, सूत्रं कोणाच्या हातात ते ठरवा, बोला, नेणं खरंच गरजेचं आहे का आणि कधी ते परत बघा, तयारी करून नीट बांधा, आणि मग न्या. सहा पायऱ्यांत गाडी सहावी आहे. आपल्याकडे नातेवाईक घाबरलेले, बाहेर गर्दी, आणि आपल्यालाही वाटतं की एकदा लेकरू गाडीत टाकलं की सुटलो, म्हणून गाडी पहिली होऊन जाते. ट्रेनिंगमध्ये हीच सवय मोडायची आहे.

त्यासाठी दारात थांबून चार आकडे विचारायचे. टेंपरेचर, ऑक्सिजन, रक्ताभिसरण, शुगर. यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला टॉप्स म्हणतात, नवजात बाळासाठी आपल्याच देशात मांडलेलं आहे. काखेतलं टेंपरेचर ३६.५ च्या खाली, सॅच्युरेशन ९० च्या खाली, छातीवर बोट दाबून सोडल्यावर रंग परत यायला ३ सेकंदांपेक्षा जास्त, शुगर ४० च्या खाली, म्हणजे गडबड. एफबीएनसीत शुगरला ४५ ला उपचार सुरू करतात, मग आपण ४५ च धरा. ड्रिल असो की खरं लेकरू, हे चार आकडे कागदावर लिहिल्याशिवाय पायलटने चावी फिरवायची नाही असा नियमच करा, आणि आकडे विचारायचा अधिकार पायलटलाच द्या. "मॅडम, चार आकडे सांगा, मग निघतो." हे वाक्य तो सगळ्यांसमोर मोठ्याने बोलला पाहिजे, तोवर ड्रिल पुढं न्यायची नाही.

शुगरचं सोपं आहे, ४५ च्या खाली आली तर १० टक्के डेक्स्ट्रोज २ मिली प्रति किलो हळू शिरेतून, मग ड्रिप, अर्ध्या तासाने परत तपासायची. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपची एक्सपायरी बघा, नेहमी तिथंच अडतं.

टेंपरेचरवर मात्र वेळ घालवा. आपल्याकडे दोन टोकं आहेत. डिसेंबरात रात्री चिखलदऱ्याहून खाली उतरताना बाळ गार पडतं आणि मे महिन्यात चंद्रपूरला उन्हात उभी राहिलेली गाडी भट्टी झालेली असते, तिथं तेच बाळ ३८ च्या वर जातं. म्हणून ड्रिलची सुरुवात गाडीपासून करायची. बाळ आणायच्या दहा मिनिटं आधी पायलटने उन्हाळ्यात दारं उघडून एसी चालवून गाडी निववायची, थंडीत दारं लावून हीटर चालवायचा. बाळाला टोपी, मोजे, लंगोट, आणि शक्यतो केएमसी (कांगारू मदर केअर, म्हणजे बाळ आईच्या उघड्या छातीला लावून ठेवणं). केएमसी १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालं ते इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून, आपली अडचण काही वेगळी नाही. ट्रान्सपोर्ट इनक्युबेटर खेड्यात मिळत नाही आणि मिळाला तर त्याची बॅटरी घाट संपायच्या आत संपते. आईला स्ट्रेचरवर पाठ उंच करून बसवा, बाळ उघड्या छातीवर, कापडाने घट्ट बांधलेलं, मान किंचित मागे, तोंड एका बाजूला आणि सिस्टरला दिसेल असं. स्ट्रेचरचा पट्टा आईच्या कमरेवर घ्यायचा, बाळावरून नाही. हे बाहुली आणि एखादी सिस्टर आई बनून करून बघा, पहिल्या वेळी पट्टा हमखास बाळावर येतो. गरम पाण्याच्या बाटल्या मात्र नको, भाजलेली बाळं एसएनसीयूवाल्यांनी (जिल्ह्याच्या नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाने) खूप बघितली आहेत.

आता ऑक्सिजनचं गणित, हे प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजे. बी टाइप सिलिंडरमध्ये पाण्याच्या मापाने १० लिटर जागा असते, गेजवर १५० असेल तर १५०० लिटर ऑक्सिजन. म्हणजे गेजचा आकडा गुणिले दहा. समजा गेजवर ६० आहे, ६०० लिटर आहेत. नवजात बाळाला प्रॉन्ग्सने (नाकातल्या छोट्या नळ्यांनी) मिनिटाला १ लिटर चालू असेल तर दहा तास जातं, काही टेन्शन नाही. पण पाच वर्षांचं न्यूमोनियाचं पोरगं मास्कवर मिनिटाला १० लिटर घेतंय तर तेच सिलिंडर एका तासात रिकामं, म्हणजे धारणीहून निघालात तर परतवाडाही येणार नाही. चार तास धरले तर १० गुणिले २४० म्हणजे २४०० लिटर, आणि नियम असा की लागेल त्याच्या दुप्पट सोबत पाहिजे, म्हणजे ४८००. भरलेली तीन बी टाइप सिलिंडरंसुद्धा पुरत नाहीत. मग एकतर गाडीत डी टाइप पाहिजे, त्यात ७००० लिटर असतं, किंवा आधीच अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात फोन करून तिथं सिलिंडर बदलायचं ठरवून निघायचं. प्रत्येक ड्रिलमध्ये सिलिंडरचा वेगळा आकडा द्या आणि सिस्टर, पायलट, डॉक्टर तिघांनाही मोबाईलवर गणित करायला लावा. सिलिंडर उघडायची चावी आहे का तेही बघा, सिलिंडर भरलेलं आणि पाना गायब असं होतं.

श्वासाचं काम निघायच्या आधी उरकायचं. वाटेत ट्यूब (श्वासनलिकेतली नळी) लागेल अशी शंका असेल तर ट्यूब दवाखान्यात, उजेडात, वॉर्मरवर टाकायची. नवजात बाळाला ओठापाशी किती सेंटिमीटर फिक्स करायची तर वजन अधिक सहा, दोन किलोचं बाळ असेल तर आठ. तो आकडा चिकटपट्टीवर पेनने लिहा. तोंडातून पोटात नळी टाकून उघडी ठेवा, नाहीतर अँबूच्या हवेने पोट फुगून श्वास अजून कठीण होतो. वाटेत सॅच्युरेशन पडलं तर क्रमाने बघायचं: ट्यूब सरकली का, चोंदली का, छातीत हवा शिरली का, सिलिंडर-बॅगमध्ये काही बिघाड का. आणि गाडी थांबवायची. चालत्या गाडीत स्टेथोमधून काही ऐकू येत नाही, ते इंजिनच ऐकू येतं, म्हणून छाती उचलते का ते डोळ्याने बघायचं आणि मॉनिटरचा आकडा खोटा वाटला तर आधी लेकराचा रंग. हे शिकवायला एक ड्रिल रात्री घ्या, गाडी खरंच रस्त्यावर काढा, आतला लाइट बंद करा आणि "सॅच्युरेशन ७०" असं ओरडा. पायलटने हळू ब्रेक मारून कडेला घेतली पाहिजे आणि कोणी बेल्ट सोडून उभं राहायचं नाही. सायरन आणि स्पीडने दहा-पंधरा मिनिटं वाचतील, पण धक्क्यांनी ट्यूब निघाली तर ती मिनिटं कुठल्या कामाची.

औषधांची कार्डं आधीच करून ठेवा, वजनाप्रमाणे, २ किलो, ३, ५, १०, १५. उदाहरणार्थ अ‍ॅड्रेनलिन. आपल्याकडे १ मिलीचं अँप्यूल असतं, १:१००० चं. त्यात ९ मिली नॉर्मल सलाईन घातलं की १:१०,००० झालं, आणि त्यातलं लेकराला ०.१ मिली प्रति किलो. ५ किलोला अर्धा मिली. रात्री तीन वाजता कोणालाही हे डोक्यात करायला लावू नका, कार्ड लॅमिनेट करून बॅगेला बांधून टाका.

मोठ्या लेकरांच्या केसेस आपल्या भागातल्याच घ्या. पावसाळ्यात खाली झोपलेल्या पोराला मण्यार चावतो, चावल्याची खूण दिसत नाही, सकाळी पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात आणि मग श्वास बंद. एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) मोठ्या माणसाइतकंच द्यायचं, सुरुवातीला १० व्हायल, लेकराचं वजन कमी म्हणून विष कमी नसतं. आणि मग अख्ख्या रस्त्याने अँबू, मिनिटाला २० ते ३०, दोघांनी पाळीपाळीने. या लेकराचे डोळे उघडत नाहीत, डोळ्यांच्या बाहुल्याही हलत नाहीत, म्हणून कोणी तोंडावर "गेलं" म्हणतं, पण त्याला सगळं ऐकू येत असतं! ड्रिलमध्ये अँबू मारणाऱ्याने लेकराशी बोललंच पाहिजे, आता कुठं आलो, आई पुढं बसली आहे, असं. कुपोषित लेकराची केस वेगळी घ्या, त्याला शॉकमध्ये नेहमीसारखं २० मिली प्रति किलोचं बोलस (एकदम दिलेलं सलाईन) ढोसलं तर हृदय झेपत नाही, १५ मिली प्रति किलो एका तासात आणि दर दहा मिनिटांनी श्वास-नाडी मोजत, वाढली की बंद. शुगर ५४ च्या खाली असली तरी त्याला उपचार करायचा.

फोनचीही प्रॅक्टिस लागते. एक मिनिटाचं घड्याळ लावा आणि बोलायला लावा: "सर, अहेरीहून बोलतोय. सकाळी सहाची डिलिव्हरी, ३२ आठवडे, १४०० ग्रॅम, कण्हतंय. प्रॉन्ग्सवर १ लिटर, सॅच्युरेशन ९१, टेंपरेचर ३६.२, शुगर ५२, ड्रिप चालू, व्हिटॅमिन के दिलं. आई सोबत, केएमसीत आणतोय. तीन तास लागतील, सीपॅप तयार ठेवा." (सीपॅप म्हणजे नाकातून सतत दाबाने हवा देणारं मशीन.) समोरच्याने इथं विचारलं पाहिजे, टेंपरेचर ३६.२ आहे तर निघता कशाला, आधी गरम करा, ड्रिप नीट आहे का बघा, पोचेपर्यंत शुगर कोण तपासणार. समोरच्याच्या भूमिकेत एसएनसीयूच्या खऱ्या सिस्टरला फोनवर घ्या, त्यांनाही आपली अडचण कळते. नेटवर्क हरिसालच्या पुढं जंगलात जातं, तेव्हा निघताना, रेंज आली की, आणि पोचायच्या अर्धा तास आधी, असे तीन फोन पक्के.

आणि घरचे लोक. आजी दारात पदर धरून विचारते, "वाचन का जी आमचं लेकरू?" याचं उत्तर कोणी द्यायचं, तर जो सोबत जाणार आहे त्याने, खाली बसून, तिच्या भाषेत. कोरकू किंवा माडिया बोलणारी आशाताई असेल तर तिला ड्रिललाच बोलवा. खोटं सांगू नका, लेकराला काय झालं, आम्ही आत्ता काय करतोय, कुठं नेतोय, पैसे लागणार नाहीत एवढं सांगा. जेएसएसकेत (जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात) वर्षापर्यंतच्या आजारी लेकराला नेणं-आणणं फुकट आहे, हे बऱ्याच घरी माहीत नसतं आणि पैशाच्या भीतीने लोक रेफरला नाही म्हणतात. आईला मागे ठेवून बाळ एकटं पाठवू नका, केएमसी तिच्याकडे, दूध तिच्याकडे. तिचं ब्लीडिंग आणि बीपी मात्र वाटेत सिस्टरने बघायचं, गाडीत पेशंट दोन आहेत.

शेवटी रजिस्टर. निघतानाचे चार आकडे एका रकान्यात, पोचल्यावर एसएनसीयूने घेतलेले चार शेजारच्या रकान्यात. वेळ, ऑक्सिजन किती उरला, वाटेत कुठं थांबलो. गाडी परत आली की कितीही दमलेले असा, बॅग भरूनच घरी जायचं. दुसऱ्या दिवशी एसएनसीयूला फोन करून लेकरू कसं आहे ते विचारा आणि पायलटलाही सांगा. पुढच्या महिन्याच्या ड्रिलची केस त्याच रजिस्टरमधून उचला, जिथं पोचल्यावरचा आकडा निघतानापेक्षा खराब झाला ती.